सामुदायिक परिचर्येत पाऊल टाकण्यापूर्वी
बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम (सहाय्यक परिचारिका प्रसाविका), तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग, यांपैकी झेपेल तो अभ्यासक्रम निवडावा आणि उत्तीर्ण होताच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी. पुढे समुदाय आरोग्य अधिकारी (आरोग्य उपकेंद्राची जबाबदारी सांभाळणारा अधिकारी) व्हायचे असल्यास एएनएमवर थांबू नये.

प्रवेशाआधी मात्र एखाद्या आरोग्य उपकेंद्राचे लसीकरण सत्र जवळून पाहावे. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष कागदावर सोपा वाटतो. पण पाच रोगांपासून वाचवणारी पेंटाव्हॅलंट लस गोठून निकामी होऊ नये म्हणून गोठवलेले आइसपॅक थोडे वितळून, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबणारी, मगच ते व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीत, भरून वाडीकडे निघणारी परिचारिका पाहिली, की या कामाला लागणारा धीर आपल्यात आहे का, हे उमगते.