जुना फोर बाय फोर पिकअप पुन्हा चालता करायचाय? आधी खाली झोपा
पेंटचा मोह आवरा, तो शेवटी. आधी गाडीखाली झोपून चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडीने हळू ठोकत जायचं, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत घुसला तर तिथे गंजाने खाल्लंय, आणि हे बऱ्याचदा मागच्या लीफ स्प्रिंगच्या (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) ब्रॅकेटपाशी सापडतं कारण चिखल तिथेच साचून राहतो.

इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर थेट स्टार्टर मारू नका हां. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग पान्याने क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हाताने फिरवून बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून ते आणि रबरी होज बदलायचेच, इथे काटकसर नको. टायरची नक्षी छान दिसली तरी बाजूवरच्या तारखेचे 4 आकडे वाचा, 2314 म्हणजे 2014 चा 23वा आठवडा.

पहिली ट्रिप जवळचीच ठेवा. वाळूत हवा कमी करा, पक्का रस्ता लागला की परत भरा. सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसेल तर कोरड्या डांबरीवर फोर व्हील लावून ठेवू नका, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो.