लेकराची लापशी पाणी न ओतता पातळ कशी करायची

मागच्या उन्हाळ्यात बहीण माहेरी आली होती, लेकरू ८ महिन्यांचं. रोजचा एकच तमाशा, लापशी घट्ट केली की लेकरू जिभेनं बाहेर ढकलते, अन् पातळ केली की वाटीभर पिऊन तासाभरात पुन्हा रडणं सुरू. आता पातळ म्हणजे काय तर पाणीच जास्त ना जी, अन् लेकराचं पोट केवढं, मुठीएवढं, ते पाण्यानंच भरून जाते. आई म्हणे काहून एवढं पाणी ओतता, मोडाच्या गव्हाचं पीठ टाका चिमूटभर. टाकलं, अन् खरंच, पाच-सात मिनिटांत चमच्याला चिकटलेली लापशी धार लागेल एवढी ढिली झाली, पाण्याचा एक थेंब न घालता.

ही करामत अमायलेज नावाच्या एन्झाइमची. पिठातला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या, शिजवल्या की पाणी पिऊन फुगतात म्हणून लापशी घट्ट होते. अमायलेज त्या साखळ्या कचाकच कापते, तुकडे होतात, थोडी माल्टोज साखर तयार होते, म्हणून चवही गोडसर लागते. पीठ तेवढंच राहते, म्हणजे ताकद तेवढीच, फक्त गिळायला सोपी. आपल्या थुंकीतही हेच असते, भाकर जास्त वेळ चावली की गोड लागते ना, ते यामुळंच.

गहू भिजला की आतला कोंब जागा होऊन जिबरेलिन नावाचं हार्मोन सोडते, ते सालीखालच्या थराला जाऊन सांगते की कामाला लाग, अन् तो थर अमायलेज बनवून दाण्यातल्या पिठात सोडते. कोंबाला पानं फुटेपर्यंतची ती शिदोरी. फ्रान्समध्ये पायेन अन् पर्सोझ या दोघांनी १८३३ मध्ये मोडाच्या धान्यातूनच हे काढलं होतं, नाव ठेवलं डायस्टेस.

आता करायचं कसं. घरी खायचा गहू घ्या, पावशेर पुरे. पेरणीच्या पिशवीतला उरलेला अजिबात नाही, त्याला औषध लावलेलं असते, गुलाबी-लाल रंग दिसते पाहा, तो धुतला तरी चालत नाही. निवडून, धुऊन रात्रभर भिजवा, सकाळी पाणी फेकून ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवा, दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा. दीड-दोन दिवसांत मुळ्या दाण्याएवढ्या झाल्या की बस. आंबट वास आला, बुळबुळीत झालं किंवा बुरशी दिसली तर जीव अडकवू नका, सगळं फेका. मग खाटेवर चादर टाकून, वरून पातळ कपडा झाकून उन्हात वाळवा, एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात दोन दिवसांत कडकडीत होते. दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. हातावर चोळून मुळ्या काढा, सुपात पाखडा.

यानंतर आमची चूक झाली ती सांगतो. पहिल्या घाण्यानंतर मी शहाणपणा करून दुसरा घाणा मस्त खरपूस भाजला, वास असा की शेजारची वहिनी विचारायला आली काय चाललंय म्हणून. लापशीत टाकलं तर ढिम्म, काहीच नाही. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, जास्त आचेत त्याची घडी मोडते अन् काम संपते. भाजायचंच असेल तर मंद आचेवर नुसतं गरम करा, रंग बदलू देऊ नका. मिक्सरला बारीक करून कोरड्या डब्यात घट्ट झाकणाखाली ठेवा, महिनाभर चालते, पावसाळ्यात थोडं थोडंच करा.

वापरताना लापशी आधी नेहमीसारखी घट्ट शिजवून खाली उतरवा. उकळत्यात टाकलं तर वाया, थंडगार झाल्यावर टाकलं तर फार हळू काम करते. बोट टेकवून लगेच काढावं लागेल एवढी गरम असताना वाटीला अर्धा ते एक छोटा चमचा टाका, ढवळा, झाकून १० मिनिटं सोडा. मग पुन्हा गॅसवर ठेवून दोन मिनिटं उकळा, हे टाळू नका, मोडाच्या पिठात जंतू असू शकतात, अन् उकळलं की पातळ होणंही तिथंच थांबते. हे सगळं ६ महिन्यांपुढच्या लेकरासाठी, त्याआधी आईचं दूधच.

खात्री करायची असेल तर दोन वाट्यांत पातळ कांजी घ्या, एकीत मोडाचं पीठ टाका, अर्ध्या तासानं दोन्हीत जखमेवर लावायच्या आयोडिनच्या औषधाचा एकेक थेंब. साधी कांजी निळी-काळी होते, दुसरी फिकी राहते. ह्या वाट्या मात्र मोरीत ओता, कोणी खाऊ नका.

काही जण विचारतील जवारीचं का नाही. होते, पण जवारीच्या कोवळ्या कोंबात अन् मुळात सायनाइड तयार करणारा पदार्थ असते, कोवळी जवारी खाऊन गुरं दगावतात ते त्यानंच. लहान लेकरासाठी कशाला ती जोखीम, गहू बरा.

जवारीवरून आठवलं, काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा कणसातच उगवते अन् मग त्या पिठाची भाकर थापताना तुटते, तव्यावर चिकटते, सासू सुनेला बोलते की तुले पीठ मळता येत नाही. सुनेचा काही दोष नाही बावा, शेतातच अमायलेजनं स्टार्च कापून ठेवला तर पीठ धरणार कसं. दाणा काळा पडून कुबट वास येत असेल तर ती बुरशी, ती वेगळीच भानगड, तो खाऊच नका.

अन् आपल्या कापसाचंही पाहा. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ लावतात, कापड विणून झालं की ती काढायला गिरणीत अमायलेजच वापरतात. ते जिवाणूंपासून काढलेलं असते, अन् त्यातली काही जात उकळत्या पाण्याएवढ्या उष्णतेतही तग धरते, आपलं गव्हाचं बिचारं तिथं कधीच संपलं असतं. कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींतही भाताचे-रश्श्याचे डाग काढायला तेच टाकतात.

आमच्याकडे आता ते पीठ डब्यात असतेच. दात नसलेले आमचे आबाजी लेकराच्या वाटीकडे पाहत होते एक दिवस, म्हणे मले बी त्यातलीच दे, फक्त गूळ जरा जास्त टाक.