एमबीबीएसचं पहिलं वर्ष : मराठी शाळेतून बेळगावला येणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणीकडून मेडिकलला येणाऱ्या मुलांना पहिली धास्ती इंग्रजीची असते. मीही मराठी शाळेतलीच, म्हणून आधी तेच सांगते. कॉलेज खासगी जेएनएमसी असो की सरकारी बिम्स, लेक्चर इंग्रजीत आणि भरभर. सुरुवातीला बरंच डोक्यावरून जातं. त्यावरून स्वतःला कच्चं ठरवू नका. अ‍ॅनाटॉमीतली, म्हणजे शरीररचनेतली, नावं लॅटिन-ग्रीक, ती कॉन्व्हेंटवाल्यांनाही नवीनच. आदल्या रात्री त्या भागाच्या आकृत्या नुसत्या बघून गेलात तरी सरांचं बोलणं धरता येतं.

खरा वर्ग भरतो डिसेक्शन हॉलमध्ये, जिथं मृतदेहाचं विच्छेदन करून शिकतात. देह टिकवायला वापरलेल्या फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात, पण सवय होते. टेबलाभोवती गर्दी असते, तेव्हा मागं राहू नका, फोर्सेप्स (चिमटा) हातात घ्या. काखेतली चरबी हलक्या हातानं काढत गेलं की ब्रॅकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या जाळ्यातल्या, पांढऱ्या नर्व्हज (चेतातंतू) दिसू लागतात. बोटांत धरून बघा : नर्व्ह भरीव लागते, आर्टरी (रोहिणी) जाड भिंतीची पण पोकळ, व्हेन (नीला) पातळ आणि चपटी. पुस्तकातल्या लाल-निळ्या रंगांवर विसंबलेला इथं हमखास अडतो.

समोरचा देह अनेकदा कुणीतरी समजून-उमजून दान केलेला असतो. २०१० मध्ये डॉ. महांतेश रामण्णवर यांनी आपल्या वडिलांनी दान केलेल्या देहाचं विच्छेदन स्वतः केलं, तेही बेळगावातच. त्या टेबलापाशी थट्टा नको, मोबाईल तर नकोच.

फिजिओलॉजीत आपलंच बोट टोचून आरबीसी, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी, मोजायच्या असतात. पिपेटमध्ये ०.५ च्या खुणेपर्यंत रक्त, मग १०१ पर्यंत रक्त पातळ करणारं हेमचं द्रावण. मध्ये हवेचा बुडबुडा शिरला की सगळं पहिल्यापासून, म्हणून हे घाईत करू नका. बायोकेमिस्ट्री मात्र रोज थोडी लिहूनच लक्षात राहते.

मार्क जातात ते व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला. उत्तर येत असतं, वाक्य जुळत नाही. यावर मला लागू पडलेला उपाय एकच : मैत्रिणीला अख्खा विषय आधी मराठीत समजावायचा, मग तोच मोठ्यानं इंग्रजीत बोलायचा. मनातल्या मनात म्हटलेलं व्हायवाला कामी येत नाही.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून पहिल्याच वर्षी पेशंटही भेटतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांना मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांना दोन्ही नसतं. गोकाककडची एखादी आजी कन्नडमधून दुखणं सांगत असेल, तर पुढं व्हा आणि बॅचमधल्या इतरांनाही समजावून सांगा. पेशंटशी बोलायची भीड तिथंच मोडते.

आणि हजेरी. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते. गणपतीला गावी जाण्याआधी आपल्या बॅचचं प्रॅक्टिकल कोणत्या दिवशी आहे ते बघून घ्या. बुडालेलं डिसेक्शन नंतर पुस्तकातून भरून निघत नाही.