पेशीच्या प्रात्यक्षिकाआधी काय काय तयार ठेवाल

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात पेशी पाहायची, मिठाच्या पाण्यात तिचं काय होतं ते बघायचं आणि अन्नघटकांच्या चाचण्याही करायच्या, असा दिवस असेल तर आधी पानाची सोय करा. रिओचं रोप बऱ्याच बागांत, कुंड्यांत सापडतं. पान वरून हिरवं, खालून जांभळं. ते त्याच दिवशी सकाळी तोडा, कारण सुकलेल्या पानाच्या पेशी आधीच पाणी गमावून बसलेल्या असतात. जांभळा रंग रिक्तिकेतल्या (पेशीच्या आतल्या रसाच्या पिशवीतल्या) रसात असतो, त्यामुळे वरून रंग द्यावा लागत नाही आणि पेशी जिवंत राहते. रिओ नाहीच मिळाला तर लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची जांभळी साल घ्या. केंद्रक पाहण्यासाठी मात्र कांद्याची आतली पारदर्शक साल आणि आयोडीनचा एक थेंब बरा.

मीठ मोजूनच घ्या. ५ ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलिलिटरपर्यंत न्या. शेजारी साध्या पाण्याची बाटली ठेवा आणि दोन्हींवर चिठ्ठ्या लावा. दिसायला दोन्ही सारख्याच. काचपट्ट्या, कव्हरस्लिप, नवं ब्लेड, चिमटा, सुई, ड्रॉपर आणि टिपकागद हाताशी हवेत. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूच खाली सोडा. ती सपाट टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात, आणि जाड काळ्या कडेचा गोल बुडबुडा म्हणजेच पेशी समजून रेखाटणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

आता सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवायची गोष्ट. पानाच्या जांभळ्या बाजूची साल आधी साध्या पाण्यात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, एक पेशी निवडा आणि ती नजरेतून जाऊ देऊ नका. काचपट्टी न हलवता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या कडक भिंतीपासून सुटून आकसू लागेल. हेच रसाकुंचन. बाहेरचं द्रावण अतिपरासारी, म्हणजे पेशीतल्या रसापेक्षा जास्त तीव्र असल्याने पाणी पेशीतून बाहेर पडतं. काही रेणू थेट पटलातून (भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्यातून), बरेचसे ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या वाटांनी. या वाटा शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

इथे एका प्रश्नाचं उत्तर घरूनच विचार करून या: भित्तिका आणि आकसलेलं पटल यांच्या मधल्या जागेत काय असतं? पोकळी नाही, हवा नाही. तिथे बाहेरचं मिठाचं पाणीच असतं, कारण भित्तिका मीठही आत येऊ देते, पटल मात्र ते सहजी येऊ देत नाही. तोंडी परीक्षेसाठी याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही. यात भित्तिका आणि पटल यांतला फरक डोळ्यांसमोर उभा राहतो, तो नुसत्या व्याख्येतून कधीच कळत नाही. मग त्याच पद्धतीने साधं पाणी आत ओढा. पेशी जिवंत असेल तर पुन्हा भरते. मिठात फार वेळ राहिली असेल तर भरत नाही. सालीचा आणखी एक तुकडा उकळत्या पाण्यात घालून ठेवा. त्याचं पटल मोडलेलं असतं, रंग बाहेर झिरपतो आणि मिठाच्या पाण्यात रसाकुंचन होत नाही. हा तुकडा विसरू नका. पटल शाबूत असणं किती महत्त्वाचं, याचा पुरावा तोच देतो.

अन्नघटकांच्या चाचण्यांसाठी ग्लुकोज, साखर, स्टार्चचं पाणी, अंड्याचा पांढरा बलक आणि थोडं तेल पुरे. स्टार्चला आयोडीनने निळा-काळा रंग येतो, प्रथिनांना बाययुरेट या द्रावणाने जांभळा. बेनेडिक्ट या निळ्या द्रावणाची परीक्षानळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा: ग्लुकोज विटकरी होईल, साखर मात्र निळीच राहील, कारण ती क्षपणकारी (बेनेडिक्टचा रंग बदलू शकणारी) शर्करा नाही. तेल कागदावर अर्धपारदर्शक डाग सोडतं. प्रत्येक चाचणीसोबत साध्या पाण्याची एक नळी हवीच. बाययुरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, ते हाताला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

वहीत जे दिसलं तेच काढा. सूक्ष्मदर्शकाची नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) १० आणि वस्तुभिंग (काचपट्टीजवळचं भिंग) ४० चं असेल तर आकृतीखाली ४०० पट असं लिहा. कांद्याच्या सालीत हरितलवकं नसतात, आणि या भिंगातून तंतुकणिका ओळखता येत नाहीत; पुस्तकातून उतरवून त्या दाखवू नका. शेवटी भिंगाला मिठाचं पाणी लागलंय का ते बघा आणि काचपट्टी काढल्याबरोबर लेन्स पेपरने पुसा, कारण सुकलेलं मीठ घासलं की भिंगावर ओरखडे पडतात.