अर्जाचं वर्ष आधी ठरवा: अमेरिकेत प्री-हेल्थ शिकणाऱ्या मुलांच्या घरासाठी तयारीची यादी

मूल अमेरिकेतल्या कॉलेजात चाललं आणि त्याला डॉक्टर व्हायचंय असं कळलं, की घरात पहिला प्रश्न निघतो: मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणता घ्यायचा? माझ्या मते हा प्रश्न यादीत बराच खाली जायला हवा. इथे 'प्री-मेड' हा बहुतेक ठिकाणी मेजर नसतोच. मेडिकल स्कूलला ठरावीक विषय झालेले हवे असतात, मेजर कोणताही चालतो. इतिहास किंवा संगीत घेऊन, सोबत ते विषय पूर्ण करून दर वर्षी मुलं प्रवेश मिळवतात. आधी ठरवायचं ते हे, की अर्ज कोणत्या वर्षी करायचा.

तारखा मांडून बघा. ऑगस्ट २०२६ मध्ये कॉलेज सुरू करणाऱ्या मुलीला मे २०३० मध्ये पदवी मिळेल. मध्ये खंड न पाडता त्याच ऑगस्टमध्ये तिला मेडिकलला जायचं असेल, तर अर्ज जून २०२९ मध्ये, तिसरं वर्ष संपताक्षणी भरावा लागतो. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, त्याच्या थोडी आधी. म्हणजे चार वर्षं म्हणता म्हणता तिच्या हाती तीनच उरतात आणि चौथ्या वर्षाचे गुण अर्ज भरताना त्यात नसतात. पदवी घेऊन जून २०३० मध्ये अर्ज केला तर चारही वर्षांचं काम दिसतं, फक्त मेडिकल एक वर्ष उशिरा सुरू होतं. आपल्याकडे याला लगेच 'वर्ष वाया गेलं' म्हणतात. इथे एमडीला (ही इथली डॉक्टरकीची मूळ पदवी, भारतातल्यासारखी एमबीबीएसनंतरची नव्हे) प्रवेश घेणाऱ्यांतले बहुसंख्य जण पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेलेच असतात, आणि वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत मुलाला आईवडिलांच्या आरोग्यविम्यात राहता येतं, त्यामुळे तीही चिंता नाही. उलट अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या वर्षी एकाही एमडी कॉलेजात जागा मिळत नाही. कच्चा अर्ज घाईने टाकला, तर वर्ष जातंच, वर पुनर्अर्जदाराचा शिक्का बसतो. दोन्ही वेळापत्रकं पहिल्याच वर्षी कागदावर मांडा आणि दुसरं वर्ष संपताना त्यातलं एक निवडा.

वेळापत्रक मांडताना कणा म्हणून रसायनशास्त्र घ्या. जनरल केमिस्ट्रीच्या दोन सेमिस्टर झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही. ऑरगॅनिकच्याही साधारण दोन सेमिस्टर, आणि मग बायोकेमिस्ट्री. ही साखळी पाच सेमिस्टरची आहे आणि बऱ्याच कॉलेजांत तिचा पहिला भाग फक्त ऑगस्टमध्ये सुरू होतो. तिसऱ्या वर्षाअखेर अर्ज करायचा असेल तर पहिल्याच सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री घ्यावी लागते. एक सेमिस्टर चुकली की गाडी वर्षभर मागे पडू शकते. बाकीचे विषय तिच्या आजूबाजूला बसवता येतात: प्रयोगशाळेसह जीवशास्त्राचं एक वर्ष, भौतिकशास्त्राचं एक वर्ष, संख्याशास्त्र, इंग्रजी लेखनाच्या दोन सेमिस्टर. मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा प्रत्येकी एक कोर्स हवा, कारण २०१५ पासून एमकॅटमध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

हायस्कूलमधल्या एपीचं (कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचं) काय, हे नक्की विचारून घ्या. कॉलेज एपी केमिस्ट्रीचं क्रेडिट देतं म्हणून मेडिकल स्कूलही ते धरेलच असं नाही. काही धरतात, काही त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स मागतात. एमडी कॉलेजांच्या अटी एमएसएआर या अधिकृत माहितीसंचात एकत्र सापडतात. ओळखीच्यांच्या मुलाने काय केलं हे ऐकण्याऐवजी तिथे बघावं.

हे सगळं एमडी किंवा डीओ डोळ्यांपुढे ठेवून झालं. (डीओ ही ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांची पदवी. डीओ म्हणजे दुय्यम, हा समज आपल्या घरांत अजून आहे. डीओंना डॉक्टर म्हणून पूर्ण परवाना असतो आणि २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची) मान्यताव्यवस्थाही एकच आहे.) दुसरा व्यवसाय मनात असेल तर यादीही बदलते. फिजिशियन असिस्टंट व्हायचं तर ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हवी, आणि रुग्णांची प्रत्यक्ष काळजी घेतल्याचे तास फार मोलाचे. शिवाय फार जुने झालेले विज्ञानाचे कोर्स काही ठिकाणी चालत नाहीत. फिजिकल थेरपीत निरीक्षणाचे तास बघतात. दंतवैद्यकाला डॅट ही प्रवेशपरीक्षा, ऑप्टोमेट्रीला (डोळे तपासणीच्या व्यवसायाला) ओएटी. फार्मसीची पीकॅट परीक्षा २०२४ मध्ये बंदच झाली, तेव्हा जुनी पुस्तकं कुणी देऊ केली तर घेऊ नका. नर्सिंग थेट पदवीला घेता येतं, किंवा दुसरी पदवी झाल्यावर वेगवान अभ्यासक्रमातून. पहिल्या वर्षी एकाच व्यवसायाला चिकटून बसायची गरज नाही, पण एखाद्याकडे कल दिसला की त्याचे जादा विषय कधी बसवायचे हे सल्लागाराला विचारून ठेवावं.

पहिली सेमिस्टर हलकी ठेवा. मी हे जरा आग्रहानेच सांगते. हायस्कूलमध्ये सगळीकडे ए मिळवलेलं मूल केमिस्ट्री, बायॉलॉजी, कॅल्क्युलस आणि वर मानाचा म्हणून ऑनर्स सेमिनार घेतं, आणि ऑक्टोबरात पहिल्या परीक्षेचे गुण बघून गप्प होतं. पंधरा क्रेडिट्सवर २.८ जीपीए (चारपैकी सरासरी गुण) आला आणि पुढच्या ७५ क्रेडिट्सवर नेटाने ३.८ राखला, तरी अर्जाच्या वेळी बेरीज ३.६३ च्या आसपास येते. चौथं वर्ष धरलं तरी ३.६८. खड्डा बुजतो, पण सावकाश. प्रयोगशाळेचे दोनच कोर्स, एखादा लेखनाचा, एखादा आवडीचा, एवढं पुरे. कोर्स हाताबाहेर जातोय असं दिसलं तर मुदतीत तो सोडून 'डब्ल्यू' घेणं हे सी घेण्यापेक्षा बरं, मात्र एकदाच.

गुणांबद्दल दोन गोष्टी उशिरा कळतात आणि मग हळहळ होते. एमडीच्या अर्जाची केंद्रीय व्यवस्था, एएमसीएएस, जीपीए स्वतः नव्याने काढते. कॉलेजने पुन्हा घेतलेल्या कोर्सचा जुना गुण पुसला असला तरी इथे दोन्ही धरले जातात. आणि हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले कोर्सही त्यात येतात, त्यांचे ट्रान्सक्रिप्ट द्यावेच लागतात. अकरावीतल्या मुलाला 'घे रे, मोफत क्रेडिट आहे' म्हणण्याआधी हे लक्षात असू द्या.

आता अनुभव. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं. क्लिनिकल काम म्हणजे रुग्णाशी स्वतः संबंध येणं. अर्जाला दोन्ही लागतं आणि दुसऱ्याचं वजन जास्त. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेल्या डॉक्टरकाकांकडे शॅडोइंग मिळून जातं, पण सगळं तिथेच उरकू नये. वेगवेगळ्या विशेषज्ञांकडे, निदान एका फॅमिली डॉक्टरकडे तरी बसावं. क्लिनिकल कामासाठी हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवा, हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची सेवा), डॉक्टरची नोंद टिपणारा स्क्राइब, ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा) असे मार्ग आहेत. नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणाची केंद्र सरकारने ठरवलेली किमान मर्यादा ७५ तास आहे, म्हणजे एका उन्हाळ्यात सहज होण्यासारखं.

हॉस्पिटलची स्वयंसेवा ठरवली की दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. लसींचे पुरावे, टीबीची तपासणी, पार्श्वभूमीची चौकशी, ओरिएंटेशन, यात आठवडे जातात. भारतात जन्मलेल्या मुलांना बीसीजी दिलेली असते आणि तिच्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे रक्तावरची चाचणी मागून घ्यावी. लसीकरणाचं जुनं कार्ड आजीकडच्या कपाटात असेल तर त्याचा फोटो आत्ताच मागवा.

आणि भारताबद्दल. उन्हाळ्यात मामाच्या दवाखान्यात महिनाभर बसणं चांगलंच, पण बसणं म्हणजे बसणं. इंजेक्शन देणं, टाके घालणं, प्रसूतीला हात लावणं, यातलं जे इथे शिक्षणाशिवाय करू देणार नाहीत ते तिथेही करायचं नाही, मामा कितीही प्रेमाने म्हणाला तरी. अर्जात असं काही फुशारकीने लिहिलं तर वाचणारा प्रभावित होत नाही, उलट मुलाच्या विवेकाविषयी शंका घेतो. शिवाय ते रुग्णावर अन्याय करणारं आहे, हे कारण एकटंही पुरेसं आहे.

नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी: तारीख, तास, जागा, देखरेख करणाऱ्याचं नाव आणि ईमेल, आणि त्या दिवशी मनात काय राहिलं त्याच्या दोन ओळी. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही त्यात येऊ नये. एएमसीएएसमध्ये जास्तीत जास्त १५ उपक्रम लिहिता येतात आणि त्यातले तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडता येतात. बाराच उपक्रम झाले तरी हरकत नाही. चार क्लबांचं उपाध्यक्षपद गोळा करण्यापेक्षा दोन वर्षं दर शनिवारी एकाच ठिकाणी गेलेलं मूल मला जास्त भरवशाचं वाटतं, आणि निवड समित्यांनाही तसंच वाटताना दिसतं.

शिफारसपत्रांची सोय दुसऱ्या वर्षात लावायची. साधारण मागणी विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची आणि विज्ञानाबाहेरच्या एकाची असते. काही कॉलेजांत सल्लागार समितीच एकत्रित पत्र देते आणि तिच्या मुदती अर्जाच्या बऱ्याच आधी संपतात. तीनशे मुलांच्या वर्गात ए मिळवून गप्प बसलेल्याला प्राध्यापक काय लिहिणार? ऑफिस अवर्सला (प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला) जायची आपल्या मुलांना उगाच भीड असते, अडचण नसताना कसं जायचं म्हणून. अडचण नसली तरी जावं.

एमकॅट जागेवर बसण्याचा वेळ धरून साडेसात तासांची. चार विभाग, गुण ४७२ ते ५२८, कॅल्क्युलेटर नाही. ती जानेवारीत आणि मग मार्च ते सप्टेंबर होते, निकालाला महिनाभर लागतो. एका वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, म्हणून 'एकदा देऊन तर बघ' हा सल्ला देऊ नका. सरावासाठी अधिकृत चाचण्या आहेत, त्या शेवटच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवाव्यात. विज्ञानाचे तीन विभाग अभ्यासाने सुधारतात. वाचनाचा विभाग मात्र तीन महिन्यांत फारसा हलत नाही; त्यासाठी पहिल्या वर्षापासून तत्त्वज्ञान, कला, इतिहासावरचे लांब लेख वाचायची सवय लागते. विज्ञानाबाहेरचा मेजर इथे कामी येतो.

व्हिसाचा प्रश्न ज्या घरात आहे त्यांनी तो सगळ्यांच्या वर घ्यावा. एच-४ वरचं (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावरचं) मूल २१ वर्षांचं झालं की तो व्हिसा संपतो, बहुधा पदवीच्या मध्येच, आणि एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो. बहुतेक मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी थोडी आहेत आणि त्यातली काही फीची रक्कम आगाऊ दाखवायला लावतात. एच-४ वरच्या मुलाला स्क्राइबची पगारी नोकरी करता येत नाही, एफ-१ वरच्याला पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कुठली कॉलेजं अर्ज तरी स्वीकारतात याची यादी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी करा, आणि ती फारच छोटी निघाली तर दुसऱ्या आरोग्यव्यवसायांच्या अटीही तेव्हाच वाचा. राज्याचाही फरक पडतो: टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूलमध्ये कायद्यानेच ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांना आहेत.

पैशांचं गणित नुकतंच बदललं आहे. २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज मिळणार नाही. वैद्यकीय पदवीसाठी फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. बऱ्याच खासगी मेडिकल स्कूलचा राहण्यासह चार वर्षांचा खर्च याहून पुष्कळ जास्त आहे. त्यामुळे पदवीचं कॉलेज निवडताना नावापायी बचत संपवायची का, हे आता अधिक सावधपणे ठरवावं लागेल. पदवी राज्याच्या विद्यापीठात घेतली तर मेडिकलच्या वेळी हात मोकळा राहतो.

अर्जाच्या वर्षी तारखा सरळ आहेत. अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मेअखेरीस पाठवता येतो, पडताळणीला गर्दीत कित्येक आठवडे लागतात आणि अर्ज येतील तसे प्रवेश दिले जातात, म्हणून जून हाच खरा महिना. निबंध ५,३०० अक्षरांचा. तो मुलाने लिहावा; तुम्ही वाचा, व्याकरण सांगा, पण आजोबांच्या हार्ट ॲटॅकची गोष्ट त्यात घालायला सुचवू नका, ती त्याला स्वतःहून आठवली तरच. जुलैत प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध येतात, तेव्हा भारतवारी ठेवू नका. मुलाखती शरद ऋतूपासून वसंतापर्यंत चालतात. एकाहून जास्त ठिकाणी जागा मिळाल्या तर ३० एप्रिलपर्यंत एक ठेवून बाकीच्या सोडायच्या. त्यानंतर वेटलिस्टा हलू लागतात, कधीकधी वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यापर्यंत. तिथे नाव असेल तर घराचं वर्षभराचं लीज करण्याआधी ते मोडण्याची अट वाचून घ्या.