आठही दिवे हिरवे, तरी नेट रडतंय? या चुका टाळा

वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात माझा अख्खा दिवस एका आरजे-45 जॅकने, म्हणजे नेटच्या केबलच्या टोकाला असतो त्या आठ पिनांच्या प्लगने, खाल्ला. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चाळीसेक मीटर केबल. टेस्टर लावला की 1 ते 8 दिवे ओळीने हिरवे; कॉम्प्युटर लावला की लिंक पडतेय, उठतेय. आधी आलेल्या पोराने स्विच बदलला होता, लॅन कार्डही. शेवटी मी जॅक डोळ्यांजवळ धरला. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा... जोडीशेजारी जोडी, शोकेसमध्ये मांडल्यासारखी! दुसऱ्या टोकालाही तेच.

केबलमध्ये आठ तारा, दोन-दोन एकमेकींभोवती पिळलेल्या, अशा चार जोड्या. 3 आणि 6 या पिनांवरच्या तारा एकाच पिळातल्या हव्यात. इथे 3 हिरव्या जोडीत, 6 निळ्या जोडीत. जोडी फुटली की पिळाचा उपयोग संपला, शेजारच्या तारांचा गोंगाट आत शिरतो. स्वस्तातला टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचली का एवढंच बघतो, पीळ त्याला कळत नाही. छोट्या केबलवर हे बरेचदा खपून जातं, म्हणून ‘माझ्या घरी चालतंय की’ ऐकावं लागतं.

बरोबर क्रम (टी-568-बी नावाची ठरलेली पद्धत): पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मी क्रिम्पिंग करण्याआधी, म्हणजे जॅक दाबून तारांवर पक्का बसवण्याआधी, क्लिप खाली धरून डावीकडून रंग मोठ्याने म्हणतो. लोक हसतात, हसू देत. पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडत नाही. घाईवाले दीड इंच सोडतात आणि केबलचं साल जॅकच्या बाहेरच राहतं.

आरपार तारा निघणारे जॅक सोयीचे, पण आधी साध्यावर हात बसवा.

आता बाकीच्या पिनांबद्दल. ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, पन्नास पिनांच्या कनेक्टरमध्ये पहिली जोडी 1-2 वर नसते; 1 आणि 26 वर असते.

दोन कॉम्प्युटर नऊ पिनांच्या सीरियल पोर्टने थेट जोडताना 2 आणि 3 या पिना उलटसुलट (2 ला 3, 3 ला 2), 5 सरळ 5 ला.

मॉनिटरच्या व्हीजीए प्लगमध्ये 9 नंबरची पिन बऱ्याचदा मुळातच नसते. ‘तुटली’ म्हणून केबल फेकू नका. वाकलेल्या पिनेवर शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलचं टोक चढवून हळूच सरळ करा, पक्कड नको.

आणि ऐरोलीसारख्या खाडीकाठी पावसाळ्यात पिना हिरवट झाल्या तर पॉलिश पेपर घासू नका, सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, आणि वाळेपर्यंत दहा मिनिटं दम धरा.