या चुका टाळा: ‘.सेकंड्स’ म्हणजे एकूण सेकंद नव्हेत

कोड रिव्ह्यूमध्ये एकच ओळ खोडून खोडून हात दुखले. पायथॉनमध्ये दोन वेळांची वजाबाकी करायची आणि आलेल्या टाइमडेल्टाला, म्हणजे त्या फरकाला, किती सेकंद झाले म्हणून ‘.सेकंड्स’ विचारायचं. टाइमडेल्टा दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद वेगवेगळे ठेवतो. ‘.सेकंड्स’ फक्त दिवस वगळून उरलेले सेकंद देतं. २६ तासांच्या फरकावर उत्तर येतं ७२००, म्हणजे दोन तास!

आमच्याकडे रात्री हिशेब जुळवणारा एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम होता. तो संपला की लागलेला वेळ काढायचा, सहा तासांच्या वर गेला तर मेल पाठवायचा. एका महिनाअखेरीला डेटाबेसमध्ये लॉक अडकला. शनिवारी रात्री ११ ला सुरू झालेला जॉब सोमवारी पहाटे एकला संपला. मेल आलाच नाही, लॉगमध्ये ‘७२०० सेकंद, ठीक’. सकाळी अकाउंट्सवाल्यांचा फोन आला तेव्हा कळलं. टेस्ट होत्या, पण सगळ्या दोन मिनिटांच्या डेटावर. दोन मिनिटांत ही चूक दिसणार कुठून?

दिवसांसकट एकूण सेकंद हवेत तर ‘टोटल_सेकंड्स()’ वापरा. माझी सवय म्हणाल तर कालावधीचा कोड आला की दोन टेस्ट आधी लिहितो: एक २५ तासांची, एक उलट्या वजाबाकीची. उणे पाच सेकंदांवर ‘.सेकंड्स’ ८६३९५ देतं, ते एकदा डोळ्यांनी बघाच. ‘चालतंय ना’ म्हणून पुढे पळणाऱ्या नव्या मुलांना मी हेच करायला बसवतो.

‘टाइमआउट = ३०’ असं लिहू नका. तीस काय? पायथॉनचा ‘स्लीप’ सेकंद घेतो, जावाचा मिलिसेकंद. एकक नावातच हवं. कमेंटमध्ये लिहिलेलं कोणी वाचत नाही.

जावात ३० दिवसांचे मिलिसेकंद साध्या इंटमध्ये (३२ बिटांचा पूर्णांक) गुणले तर आकडा त्यात मावत नाही आणि उत्तर येतं -१७०२९६७२९६. पहिल्याच आकड्याला ‘एल’ लावा, म्हणजे गुणाकार मोठ्या ‘लाँग’ प्रकारात होतो.

किती वेळ लागला हे मोजायला भिंतीवरचं घड्याळ, म्हणजे संगणकाची तारीख-वेळ नको. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी व्यवस्था) ते मधेच मागे सरकवू शकतं. मागे न जाणारं घड्याळ वापरा: पायथॉनमध्ये ‘टाइम.मोनोटॉनिक’, जावात ‘सिस्टीम.नॅनोटाइम’.

आणि एक दिवस म्हणजे ८६,४०० सेकंद हे भारतात खपून जातं, कारण आपल्याकडे घड्याळं पुढेमागे करत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये मार्चचा एक रविवार २३ तासांचा असतो आणि नोव्हेंबरचा एक २५ तासांचा. तिथल्या ग्राहकाला ‘उद्या याच वेळी’ आठवण द्यायची तर त्याचा टाइमझोन धरून तारीख एक दिवसाने वाढवा. सेकंद मिळवत बसू नका.